दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

हे एक गाऱ्हाणे आहे, आणि ज्या अक्षराबद्दल ते आहे ते अक्षर 'गाऱ्हाणे' या शब्दातच बसले आहे. ह च्या डोक्यावर रफार होऊन न चढता त्याच्या आधी पापणीसारखा आडवा पडणारा हा अर्धा र मराठीला पदोपदी लागतो: वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्याला, घोड्यावरच्या स्वाऱ्या. नेपाळीलाही तो लागतो, हिंदीला मात्र लागत नाही. संगणकावरील देवनागरीची साधने पुष्कळदा हिंदी लेखन डोळ्यांपुढे ठेवून घडवली किंवा निवडली जातात, आणि मग मराठीचे असे जे थोडेसे वेगळेपण आहे ते कोणाच्या लक्षात न येता गळून पडते. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

मी पुण्यातील एका छापखान्यात आणि पुढे प्रकाशन व्यवसायात मिळून पस्तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या जुळणीपासून आजच्या संगणकीय अक्षरजुळणीपर्यंतची सगळी स्थित्यंतरे मुद्रिते तपासता तपासता पाहिली. निवृत्तीनंतरही ओळखीचे प्रकाशक अधूनमधून काम पाठवतात. काही काळापूर्वी सह्याद्रीतील भटकंतीवरच्या एका पुस्तकाची ई-आवृत्ती माझ्याकडे तपासायला आली. छापील पुस्तक निर्दोष होते, मीच ते पूर्वी तपासले होते. त्यामुळे काम तासाभराचे असेल अशी माझी समजूत होती. पहिल्याच प्रकरणात लेखक 'खोल दर्या' ओलांडून पलीकडच्या सोंडेवर गेला. पुढे 'कातळात कोरलेल्या पायर्या' आल्या, 'वार्याचा' झोत आला, आणि गडावरच्या मुक्कामात 'आचार्यांनी' चुलीवर पिठले केले. लेखकाने अर्थातच स्वयंपाक्यांबद्दल, म्हणजे आचाऱ्यांबद्दल लिहिले होते. गुरुवर्यांना चुलीपाशी बसवले ते संगणकाने. 'आचार्यांनी' आणि 'आचाऱ्यांनी', 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोड्या आमच्या पिढीला शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकवल्या जात. उच्चारातही फरक स्पष्ट आहे: दर्या म्हणताना द वर आघात येतो, दऱ्या म्हणताना येत नाही. लेखनात तो फरक दाखवण्याचे काम हा एकटा अर्धा र करतो.

ही चूक कोणा माणसाने टंकलेखन करताना केलेली नव्हती, आणि म्हणूनच तिचे मूळ समजून घेण्याजोगे आहे. छापील पुस्तकाची जुळणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झाली होती. त्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने मजकूर मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, एखाद्या जागेवर क, दुसरीवर काना, तिसरीवर अर्धा ष. फॉन्ट काढून घेतला की खाली उरतात ती निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे. प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या सोयीने बसवलेले असल्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. छापण्यापुरते हे उत्तम चालत होते, कारण कागदाला फक्त आकार हवा असतो. अशा फॉन्टमध्ये पापणीच्या र ला स्वतःची जागा असते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, बदलून देणाऱ्या प्रणालीने मात्र त्या तुकड्याला साधा 'र्' समजून पुढच्या य ला जोडले, आणि देवनागरीच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे त्याचा रफार झाला. दऱ्यांचा दर्या झाला तो असा.

युनिकोडमध्ये या अक्षराची सोय नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी भारत सरकारच्या इस्की या संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे. तीत र च्या शेजारी ०९३१ या क्रमांकावर नुक्ता, म्हणजे खाली टिंब, दिलेला ऱ आहे. तो मुळात द्राविडी भाषांतील कठोर र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवला गेला. परंतु त्याचा पाय मोडला आणि पुढे व्यंजन आले की पापणीचा र उमटावा असा स्पष्ट नियम युनिकोडने करून ठेवला आहे. भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी जे च्या कळीवर र आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ येतो, म्हणजे फक्त एका शिफ्टचा प्रश्न आहे. याखेरीज दुसराही एक मार्ग जुन्या आवृत्तीपासून चालत आलेला आहे: साधा र, त्याचा पाय मोडायचा, आणि मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालायचे. पडद्यावर दोन्हींचा परिणाम एकसारखा दिसतो. फरक असा की ते अदृश्य जोडचिन्ह फार नाजूक असते. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना 'अनावश्यक' चिन्हे झाडून टाकणारी एखादी चाळणी मध्ये आली की तेच आधी जाते, आणि र पुन्हा रफार होऊन डोक्यावर चढतो. शिवाय एकाने पहिल्या मार्गाने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्याने दुसऱ्या मार्गाने शोधला, तर साध्या शोधयंत्राला तो सापडत नाही. डोळ्यांना जे शब्द एकच आहेत, ते यंत्राला दोन वाटतात.

'ॲ' चीही कथा याच जातीची आहे. अ वर चंद्र देऊन लिहिलेले हे अक्षर मराठीत 'ॲड', 'ॲप', 'ॲसिड' अशा शब्दांसाठी रूढ आहे. हिंदीत मात्र ए वर चंद्र देण्याची रीत असल्याने युनिकोडमध्ये प्रारंभापासून फक्त तेच अक्षर होते. मराठीच्या ॲ ला स्वतंत्र संकेतांक, ०९७२, मिळाला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. तोवरच्या काळात लोकांनी कोठे ए वरचा चंद्र वापरला, कोठे अ पुढे चंद्राचे चिन्ह स्वतंत्रपणे जोडले. त्या सवयी अजून टिकून आहेत. एकाच शब्दाची तीन लेखने मराठी मजकुरात फिरत आहेत आणि त्यांपैकी दोन दिसायलाही सारखीच आहेत. वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत 'ॲड.' लावून एखाद्या वकिलांच्या नावाचा शोध घेऊन पाहावा, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल.

येथवरच्या अडचणी संकेतांकांच्या होत्या. ल आणि श यांचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते अधिक मनोरंजक आहे, कारण त्यात कोणाची चूक झाली आहे असे चटकन म्हणता येत नाही. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा असतो, त्याला उजवीकडे उभा दंड नसतो. हिंदीत रूढ असलेला ल दंडाचा असतो. तसाच मराठी श देठाचा आणि दुसरा गाठीचा. पहिलीतले मूल पाटीवर पाकळीचा ल गिरवते आणि घरी येऊन मोबाइलवर दंडाचा ल वाचते. माझ्या नातीने मला एकदा विचारले होते की, हे नवे अक्षर कोणते. मी तिला पटेल असे उत्तर देऊ शकलो नाही, कारण उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही.

युनिकोड अक्षराला क्रमांक देते, आकाराला नाही. ल चा क्रमांक ०९३२, श चा ०९३६, मग तो कोणत्याही वळणाने लिहिलेला असो. हे धोरण मला योग्य वाटते. दोन वळणांना दोन क्रमांक दिले असते तर वर सांगितलेला शोधाचा गोंधळ शतपटीने वाढला असता. पण याचा एक परिणाम असा की मी या पत्रात दोन्ही ल शेजारी शेजारी लिहून फरक दाखवू शकत नाही. मी काहीही टंकलिखित केले तरी या ओळीतील ल वाचकाला कसा दिसेल हे आपले कार्यालय, आपले संकेतस्थळ आणि वाचकाचा फोन मिळून ठरवणार. म्हणून मला त्याचे वर्णन शब्दांत करावे लागले.

आकार ठरवण्याचे काम फॉन्टचे, आणि आजचा फॉन्ट म्हणजे नुसता आकारांचा संच नाही. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या ओपनटाइप या रचनेत फॉन्टच्या पोटात नियमांचे तक्ते असतात. क, पाय मोडल्याची खूण आणि ष हे एकापुढे एक आले तर क्ष चा आकार घ्यावा. अनुस्वार, मात्रा आणि रफार एकाच अक्षरावर आले तर कोणाला किती बाजूला सरकवावे. हे सगळे त्या तक्त्यांत लिहिलेले असते. ऱ्हस्व वेलांटीचेच पाहा. 'कि' या अक्षरात संगणक आधी क आणि मग वेलांटी साठवतो, कारण उच्चाराचा क्रम तो आहे. दाखवताना मात्र वेलांटी उचलून क च्या आधी मांडावी लागते. ही उचलठेव करणारी प्रणाली वेगळी असते. अशा प्रणालींपैकी सर्वांत जास्त वापरात असलेल्या एका मुक्त प्रणालीचे नाव हार्फबझ, हर्फ आणि बाज या फारसी शब्दांवरून घेतलेले, म्हणजे 'खुले अक्षर'. क्रोम आणि फायरफॉक्स हे दोन्ही ब्राउझर तीच वापरतात. फ्लेक्सच्या फलकांवर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली किंवा जोडाक्षराचे तुकडे सुटून पडलेले दिसतात, तेव्हा अनेकदा फॉन्ट बिचारा निर्दोष असतो. फलक तयार करणाऱ्याने भारतीय लिप्यांसाठी असलेली ही यंत्रणा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चालूच केलेली नसते.

या तक्त्यांत भाषेनुसार आकार बदलण्याचीही तरतूद आहे. लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असेल तर दंडाच्या ल ऐवजी पाकळीचा ल घ्यावा, गाठीच्या श ऐवजी देठाचा घ्यावा, असा नियम फॉन्टकाराला लिहिता येतो आणि अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये तो लिहिलेला आहे. गूगलच्या मुक्त संग्रहात तर तिरो देवनागरी नावाचा फॉन्ट हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगवेगळ्या रूपांत उपलब्ध आहे, कारण तो घडवणाऱ्यांना या तीन लेखनपरंपरांतील अक्षरवळणांचा फरक पुरेसा मोठा वाटला. कॅनडात कार्यालय असलेल्या अक्षरकारांना जे दिसले, ते आपल्याकडे पुस्तकांची मांडणी करणाऱ्यांना दिसू नये याचे मला वाईट वाटते.

अडचण अशी की फॉन्टमध्ये नियम असूनही मजकूर कोणत्या भाषेत आहे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. देवनागरी अक्षरे पाहून भाषा मराठी की हिंदी हे फॉन्टला कळत नाही. संकेतस्थळाच्या पानाच्या अगदी पहिल्या ओळींत भाषेची खूण करण्याची जागा असते. तेथे मराठीसाठी एम आणि आर ही दोन रोमन अक्षरे लिहायची असतात. मी कुतूहलाने मराठी मजकुराची बरीच पाने उघडून पाहिली आहेत. कित्येकांवर तेथे इंग्रजीची खूण आहे, काहींवर हिंदीची, काहींवर काहीच नाही. पान तयार करणाऱ्याने इंग्रजी नमुना उचलला आणि त्या ओळीकडे पाहिले नाही, इतकेच. दोन अक्षरांचे हे काम आहे, त्याला पैसा लागत नाही, नवा फॉन्ट लागत नाही, समिती तर नाहीच लागत. ती खूण बरोबर असेल तर नियम असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श आपोआप मराठी वळण घेतात. दृष्टिहीन वाचकांसाठी पान वाचून दाखवणारी प्रणालीही त्याच खुणेवरून आवाज निवडते. खूण हिंदीची असेल तर मराठी बातमी हिंदी उच्चारांत ऐकावी लागते. हे दुसरे कारण मला पहिल्याहून अधिक वजनदार वाटते.

यावर कोणी म्हणेल की दंडाचा ल काय मराठी माणसाला वाचता येत नाही? येतो, आणि मी हिंदी वळणाला परके मानणाऱ्यांपैकी नाही. देवनागरीच्या इतिहासात देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झालेली आहे. आज हिंदीत सर्वमान्य असलेली अ, झ आणि ण यांची वळणे मुंबईच्या छापखान्यांतील आहेत. उत्तरेत पूर्वी त्यांची वेगळी रूपे चालत आणि ती मागे पडली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपाला एकेकाळी देशभर मान होता, आणि संस्कृतच्या अभ्यासकांची एक पिढीच त्या अक्षरांवर वाढली. आपले तीन आकार त्यांनी घेतले, त्यांचे दोन आपल्याकडे आले तर एवढे काय, असा युक्तिवाद मला मान्य झालाही असता, जर तो बदल कोणी विचार करून केला असता. छपाईच्या खिळ्यांच्या काळात ल चा खिळा खिळ्यांच्या पेटीतून उचलताना जुळारी तो डोळ्यांनी पाहत असे. चुकीच्या वळणाचा खिळा हातात आला तर तो बाजूला टाकत असे. आज निवड होते, पण ती करणारा कोणी नसतो. मूळ स्थितीत जे येते ते राहते.

शासनाने मराठीसाठी स्वतंत्र फॉन्ट तयार करावा अशी मागणी अधूनमधून होते. ती मला पटत नाही. फॉन्ट आता पुष्कळ आहेत आणि चांगले आहेत. आय.आय.टी. मुंबईत शिकवलेल्या आणि पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम केलेल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला, तेव्हा संगणकावर देवनागरी दिसणे हेच अप्रूप होते. त्यानंतर मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या गटाने 'मुक्त', 'बलू', 'मोदक' असे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. कोणीही ते विनामूल्य वापरावेत, हवे तर त्यांत सुधारणा कराव्यात. एका देवनागरी फॉन्टसाठी काही शे आकार रेखाटावे लागतात, रोमनपेक्षा कितीतरी अधिक, आणि त्यानंतर वर सांगितलेले नियम एकेक करून लिहून तपासावे लागतात. हे काम झालेले आहे. शासनाने काही करायचेच असेल तर आपल्या संकेतस्थळांच्या आणि पाठ्यपुस्तकांच्या कामाच्या अटींत भाषेची खूण, पापणीचा र आणि मराठी वळणे यांचा उल्लेख करावा आणि काम स्वीकारताना ते तपासून घ्यावे.

वृत्तपत्रांविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्तंभाच्या रुंदीत मथळा बसेना की तो आडवा दाबून बसवण्याची रीत सर्रास झाली आहे. दाबलेल्या अक्षराचे उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते, आणि पानावर एक मथळा धट्टाकट्टा व शेजारचा उपाशी दिसतो. याला आता तंत्राचे उत्तर आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये अडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून बदलता येणाऱ्या फॉन्टची रचना जाहीर केली. तीत एकाच फॉन्टमध्ये अक्षराची जाडी आणि रुंदी पायरी-पायरीने नव्हे, तर हवी तितकी कमीजास्त करता येते, आणि अक्षर अरुंद होताना त्याच्या रेषांची जाडी अक्षरकाराने ठरवलेल्या प्रमाणात राहते. एक टाइपच्याच 'अनेक' या फॉन्टमध्ये देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांसाठी आणि रोमनसाठी ही सोय आहे. तोही विनामूल्य आहे. मथळे दाबण्याला आता निदान तांत्रिक सबब उरलेली नाही.

त्या भटकंतीच्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते सांगतो. मी प्रत्येक 'र्य' आणि 'र्ह' शोधून एकेक पाहत गेलो. सगळे सरसकट बदलून चालणार नव्हते, कारण पुस्तकात सूर्योदय होते, कार्यकर्ते होते आणि एक ऐतिहासिक आर्या होती. दोन दिवस लागले. प्रकाशकांनी ती सुधारित प्रत चढवली, पण जुनी प्रत ज्यांनी आधीच विकत घेतली होती त्यांच्या यंत्रांवर अजूनही दर्या आहे की दऱ्या, हे मला कळायला मार्ग नाही.

आपल्याकडे माझी विनंती इतकीच आहे की आपल्या संगणक विभागातील कोणाला तरी पाच मिनिटे देऊन दोन गोष्टी पाहायला सांगाव्यात: आपल्या संकेतस्थळाच्या पानांवर भाषेची खूण मराठीची आहे का, आणि छापील अंकातला मजकूर संकेतस्थळावर जाताना 'ऱ्या' चे काय होते. तपासण्यासाठी नमुना हवा असेल तर हेच पत्र चढवून पाहावे. यात 'ऱ्य' आणि 'र्य' दोन्ही पुरेसे आहेत.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
पुणे